कॅन्टन फेअरला पहिल्यांदा निघालेल्या भांड्यांच्या व्यापाऱ्यासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला भांड्यांचं दुकान, जोडीला थोडा घाऊक धंदा. चुलते-पुतणे दोघांनी येत्या ऑक्टोबरात चीनमधल्या ग्वांगझूला, म्हणजे जुन्या कॅन्टनला, भरणाऱ्या कॅन्टन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला जायचं ठरवलंय. स्टीलची भांडी, थर्मासच्या बाटल्या, चिनी मातीचे सेट आणि जमलं तर इलेक्ट्रिक किटल्या बघायच्या आहेत. दोघंही शाकाहारी. टूरवाला सगळी सोय करून देतो म्हणतोय. त्याच्याबरोबर जावं की आपलं आपण, आणि आठ दिवस पुरतील का?

माझं मत आधी सांगतो. ऑक्टोबर सोडा, एप्रिलला जा. आणि प्रदर्शन बघायला तीनच दिवस ठेवून उरलेले कारखान्यांसाठी राखा. आयातीच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, कारण पहिल्या फेरीत स्टॉलवर उभ्याउभ्या दिलेली ऑर्डर क्वचितच सुखाची ठरते. प्रदर्शनात माणसं निवडायची, सौदा कारखाना बघून करायचा.

आता ऑक्टोबर का नको ते बघा. हे प्रदर्शन १९५७ पासून भरतंय, वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या १५ तारखेला सुरू होतं. पण ते सलग नसतं. पाच-पाच दिवसांचे तीन टप्पे असतात आणि मधले तीन-तीन दिवस स्टॉल बदलण्यात जातात. पहिल्या टप्प्यात, म्हणजे १५ ते १९ तारखेला, इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती विजेची उपकरणं, यंत्रसामग्री, वाहनं, हार्डवेअर, दिवे. दुसऱ्यात, २३ ते २७ ला, स्वयंपाकघरातली भांडी, चिनी माती, भेटवस्तू, सजावट, फर्निचर, बांधकामाचं साहित्य. तिसरा टप्पा एप्रिलच्या फेरीत १ ते ५ मे आणि ऑक्टोबरच्या फेरीत ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर. त्यात कापड, कपडे, खेळणी, औषधं, खाद्यपदार्थ. तुमचं पातेलं दुसऱ्या टप्प्यात आहे आणि तुमची किटली पहिल्या. १६ तारखेला जाऊन भांडी शोधत फिरलेली मंडळी दर वर्षी भेटतात, आणि त्यांतली बरीचशी टूरबरोबर आलेली असतात. टूरवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: कोणता टप्पा? ‘कॅन्टन फेअर, सात दिवस’ एवढंच उत्तर आलं तर तिथून उठा.

ऑक्टोबरचा दुसरा टप्पा २३ ते २७. नाशिकच्या भांडीबाजारात त्या सुमाराला काय चाललेलं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. धनत्रयोदशी तोंडावर, गोडाऊनमध्ये माल, आणि दुकानाचे दोन्ही कर्ते ग्वांगझूत प्रदर्शनाच्या हॉलमध्ये! शिवाय त्या फेरीत ठरवलेला माल दिवाळी उलटून गेल्यावर येणार. थोडा उशीर झाला की चिनी नववर्षाची सुट्टी आडवी येते. जानेवारी-फेब्रुवारीत तिथले कामगार गावी जातात आणि कारखाने दोन-तीन आठवडे, काही त्याहून जास्त, थंडावतात.

एप्रिलला गेलात तर मेअखेर ऑर्डर पक्की होते, महिना-दीड महिना उत्पादनाला, मग साधारण तीन आठवडे समुद्रातून न्हावा शेवा बंदरापर्यंत. ऑगस्टमध्ये माल हातात. मोडलं-तुटलं बाजूला काढायला, दर ठरवायला, तालुक्याच्या दुकानदारांना दाखवायला वेळ उरतो. अडचण एकच, लग्नसराई चालू असते. दुकानावर भरवशाचं माणूस बसवावं लागेल. पण धनत्रयोदशीपेक्षा ते परवडतं.

एप्रिलमध्ये एक खाच आहे. १ मेपासून तिकडे कामगार दिनाची सुट्टी लागते, ती चार-पाच दिवस चालते. कारखाने बंद, रेल्वे तुडुंब. म्हणजे दुसरा टप्पा संपल्यावर कारखाने बघायला २८, २९ आणि ३० एवढेच दिवस मिळतात. माझा बेत विचाराल तर २२ ला पोहोचा. २३, २४, २५ प्रदर्शन. २६ ला टिपणं लावा आणि जे स्टॉल डोक्यात राहिलेत तेवढेच परत बघा. २७ ला थोडी विश्रांती, कपडे धुणं, पुढची तिकिटं. २८ आणि २९ कारखाने, ३० ला परत. २८ च्या आधी कारखान्यात जाण्यात फारसा अर्थ नसतो, कारण ज्याच्याशी बोलायचं तो मालक स्वतःच स्टॉलवर उभा असतो. किटल्यांचा विचार या फेरीत सोडून द्या.

तिकिटं काढण्याआधी मात्र एक काम करा. हे फार कमी जण करतात. जो माल बघायला निघालात तो भारतात आणता येतो का, हे आधी तपासा.

२०२४ पासून स्टेनलेस स्टीलच्या आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना भारतात आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. स्टीलसाठी मानक आयएस १४७५६, ॲल्युमिनियमसाठी आयएस १६६०. नियम आयात मालालाही लागू आहे, आणि परदेशी मालासाठी भारतीय मानक ब्यूरोचा, म्हणजे बीआयएसचा, परवाना त्या परदेशी कारखान्याच्या नावाने, त्याच्या पत्त्यावर लागतो. तो तुम्ही तुमच्या नावावर काढू शकत नाही. स्टॉलवरचा विक्रेता हसत हसत ‘नो प्रॉब्लेम, बीआयएस ओके’ म्हणेल. त्याला परवान्याचा नंबर मागा, तिथेच उभं राहून बीआयएस केअर ॲपवर टाका आणि आलेलं नाव-पत्ता त्याच्या कार्डाशी ताडून बघा. दहातल्या नऊ स्टॉलवर बोलणं इथेच संपेल. संपू द्या.

थर्मासच्या बाटल्यांनाही प्रमाणपत्राची अट आहेच, शिवाय मार्च २०२५ मध्ये चीनमधून येणाऱ्या व्हॅक्यूम फ्लास्कवर भारताने अँटी-डम्पिंग ड्यूटी, म्हणजे फार स्वस्तात ओतला जाणारा परदेशी माल रोखण्यासाठीचा जादा कर, लावली. ती टनावर मोजली जाते, त्यामुळे ‘तिथे दीडशेला पडते’ हा सगळा हिशोब कोलमडतो. चिनी मातीच्या जेवणाच्या भांड्यांवरही २०१८ मध्ये अशी ड्यूटी लागली होती. या याद्या बदलत राहतात, काही आदेश येतात, काही मागे घेतले जातात. म्हणून जाण्याआधी तुमच्या कस्टम हाऊस एजंटला (कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याला) प्रत्येक वस्तूचा एचएस कोड, म्हणजे कस्टमच्या यादीतला तिचा क्रमांक, देऊन त्या आठवड्याची स्थिती लेखी मागवा. एजंट नसेल तर आधी एजंट गाठा. नवख्या आयातदाराचं त्याच्याशिवाय चालत नाही. आयात-निर्यातीला लागणारा आयईसी नंबर काढलेला नसेल तर तोही आत्ताच, डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर ऑनलाइन निघतो.

या गाळणीत तुमची निम्मी यादी गळेल असा माझा अंदाज आहे. गळू द्या. उरेल ते स्वयंपाकघरातलं किरकोळ सामान: सिलिकॉनचे साचे, बांबूचे ट्रे, सोलणी-किसण्या, कपाटातली मांडणी. त्यांचेही कोड तपासा, पण नफा बहुतेक तिथेच सापडेल, कारण स्टीलच्या भांड्यांत आपल्याकडचे कारखानदार काही कमी नाहीत.

हिशोबाची रीत पाठ करून जा. स्टॉलवर सांगतात तो भाव बहुधा एफओबी, म्हणजे त्यांच्या बंदरात जहाजावर चढवून. त्यात जहाजभाडं आणि विमा मिळवा, मग सीमा शुल्क, त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, या सगळ्यावर आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), मग न्हावा शेवाचा खर्च, एजंट, नाशिकपर्यंत ट्रक. हे एका कागदावर आधीच मांडून ठेवलं की समोरचा डॉलरमध्ये आकडा बोलला रे बोलला की तुमच्या दुकानात तो कितीला पडेल हे मिनिटात कळतं. पुतण्याने फोनवर एक्सेलची शीट बनवून घ्यावी.

व्हिसाचं काम वाटतं तेवढं किचकट नाही. तुम्हाला व्यापारी, म्हणजे ‘एम’ वर्गाचा व्हिसा हवा. प्रदर्शनाच्या अधिकृत संकेतस्थळावर परदेशी खरेदीदार म्हणून नोंदणी केली की निमंत्रणपत्र तिथूनच मिळतं, त्यासाठी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. सोबत पासपोर्ट, दुकानाची कागदपत्रं, बँकेचं स्टेटमेंट, प्राप्तिकराची विवरणपत्रं. फार आधीही काढू नका. एकदाच प्रवेशाचा व्हिसा साधारण तीन महिनेच चालतो. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज करा. चीनला उतरण्याआधीचं आगमन कार्ड नोव्हेंबर २०२५ पासून ऑनलाइन भरता येतं. ते निघण्याआधी भरून ठेवलं की विमानतळावर पेन शोधत बसावं लागत नाही.

दिल्ली आणि कोलकात्याहून ग्वांगझूची थेट विमानं २०२५ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. मुंबईहून निघणाऱ्यांना हाँगकाँग, बँकॉक, क्वालालंपूर किंवा सिंगापूरमार्गे जायची सवय आहे, आणि मला यांत हाँगकाँग बरं वाटतं. हाँगकाँगच्या वेस्ट कौलून स्टेशनवरून ग्वांगझू साउथला वेगवान रेल्वे तासाभरात पोहोचते. भारतीय पासपोर्टवाल्यांना हाँगकाँगमध्ये १४ दिवस राहायला व्हिसा लागत नाही, पण ऑनलाइन पूर्वनोंदणी करून तिचा कागद छापून न्यावा लागतो. मुंबईच्या काउंटरवर तो कागद नसला तर विमानात चढू देत नाहीत.

या मार्गावर लोक नेमके एका ठिकाणी फसतात. एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर तुम्ही ग्वांगझूला आलात, मध्ये एक दिवस हाँगकाँग फिरून येऊ म्हणून गेलात, तर परत चीनमध्ये शिरता येत नाही. हद्दीच्या दृष्टीने तुम्ही बाहेर गेलात आणि व्हिसा संपला. हाँगकाँग बघायचंच असेल तर जाताना किंवा येताना.

राहायला प्रदर्शनाच्या शेजारी पाझू भागात खोली मिळाली तर सोय उत्तम, पण प्रदर्शनाच्या दिवसांत तिथले दर दुप्पट-तिप्पट होतात. तुम्हाला तिथे राहायची गरज नाही. मेट्रोची आठ नंबरची लाइन प्रदर्शनाच्या दारात नेते: ए विभागासाठी शिनगांगदोंग स्टेशन, बी आणि सी साठी पाझू. विमानतळावरून तीन नंबरची लाइन येते आणि ती आठ नंबरला खत्सुन स्टेशनवर मिळते. या दोन लाइनींवर कुठेही हॉटेल घ्या. भारतीय जेवण जवळ हवं असेल तर युएश्यू भागातल्या हुआनशी पूर्व रस्त्याच्या बाजूला बघा. तिथे आफ्रिकी, अरब आणि भारतीय व्यापाऱ्यांचा राबता आहे आणि त्यांच्या चवीची हॉटेलंही. बुकिंग करताना परदेशी पाहुणे घेता का, हे संदेश पाठवून विचारून ठेवा. लहान हॉटेलवाले पासपोर्टची नोंदणी नको म्हणून टाळाटाळ करतात. कुणाच्या फ्लॅटवर उतरलात तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते, त्यापेक्षा हॉटेल बरं.

फोन आणि पैसे ही खरी धास्तीची बाब, आणि तिची तयारी नाशिकलाच करायची आहे. चीनमध्ये गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप, यूट्यूब चालत नाही. तुमचं भारतीय सिम आंतरराष्ट्रीय रोमिंगवर असेल तर त्याचा डेटा आपल्या कंपनीमार्गे फिरून येतो, त्यामुळे व्हॉट्सॲप चालतं. हॉटेलच्या वायफायला जोडलात की बंद. म्हणून निदान एकाच्या फोनवर रोमिंग पॅक घ्याच. बँकेचे ओटीपीही त्याच सिमवर येणार आहेत.

वीचॅट हे चिनी संदेशांचं ॲप आत्ताच सुरू करा. नवीन खातं उघडताना बऱ्याचदा जुन्या वापरकर्त्याने कोड स्कॅन करून तुमची खात्री द्यावी लागते, आणि तो माणूस ग्वांगझूच्या विमानतळावर सापडत नाही. तिथला सगळा धंदा वीचॅटवर चालतो. कार्ड देण्याआधी ते क्यूआर पुढे करतात, आणि कॅटलॉग, भाव, फोटो सगळं त्यावरच येतं. पैशासाठी अलीपे हे चिनी ॲप घ्या, त्याला तुमचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा आणि बँकेत सांगून कार्डाचा परदेशी वापर चालू करून घ्या. रुपे कार्ड आणि यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर अलीपे जादा आकार घेत नाही, त्याहून मोठ्या व्यवहारावर तीन टक्के लागतात. मेट्रोचा कोड, टॅक्सी बोलावणं, भाषांतर हेही त्याच ॲपमध्ये आहे. चुलत्यांच्या फोनवर वेगळं, पुतण्याच्या फोनवर वेगळं, दोन्हीकडे चालू करून ठेवा. एक फोन पडला किंवा बॅटरी संपली तर दुसरा हवा. थोडे रोख युआन खिशात असावेत. भारतातून निघताना रोख परकीय चलन माणशी ३,००० डॉलरपर्यंत नेता येतं, पण तुम्हाला एवढं लागणार नाही. रस्त्यावर नोटा बदलून देणाऱ्याकडे बघूही नका.

पॉवर बँकचं एक सांगून ठेवतो. चीनच्या देशांतर्गत विमानांत जून २०२५ पासून ‘थ्री-सी’ (चीनचं सुरक्षा प्रमाणपत्र) चिन्ह नसलेली पॉवर बँक नेऊ देत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेकांवर ते नसतं. ग्वांगझूहून विमानाने यिवूच्या घाऊक बाजाराला वगैरे जाणार असाल तर तपासणीत ती काढून घेतात.

आता प्रदर्शनाचे तीन दिवस. आवार अवाढव्य आहे; २०२३ मध्ये डी विभाग उघडल्यावर प्रदर्शनाची जागा १५ लाख चौरस मीटरवर गेली, आणि प्रत्येक फेरीला तीस हजारांवर कंपन्या मांडून बसतात. सगळं बघायचा विचारही करू नका. खरेदीदाराचा बॅज ऑनलाइन नोंदणी करून पासपोर्ट दाखवला की पहिल्या वेळी फुकट मिळतो, विमानतळावर आणि काही हॉटेलांतही त्याचे काउंटर असतात. २२ तारखेलाच घेऊन टाका, २३ ला सकाळी रांग असते. आणि तो जपून ठेवा, पुढच्या फेऱ्यांनाही तोच चालतो.

दारं साडेनऊला उघडतात, सहाला बंद. आपल्यापेक्षा तिथलं घड्याळ अडीच तास पुढे आहे, म्हणजे तुमच्या दुकानाचं शटर उघडेपर्यंत तिथे दुपार झालेली असते. दुकानातल्या माणसाला हे सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही झोपायच्या वेळी फोन सुरू होतात. बूट जुने, मळलेले, पायाला बसलेले घाला. एप्रिलमध्ये पाऊस आणि दमटपणा दोन्ही असतं, घडीची छत्री पिशवीत हवी.

हॉलची यादी आणि कंपन्यांची नावं आधीच संकेतस्थळावर मिळतात. रोज पंधरा-वीस स्टॉल ठरवून जा. चुलते बोलतील, पुतण्या लिहील, अशी वाटणी करा. प्रत्येक स्टॉलवर एक लहान वहीचं पान: कार्ड स्टेपल करायचं, वस्तूचा नंबर, एफओबी भाव आणि बंदर, कमीत कमी नग किती, किती दिवसांत देणार, कारखाना कोणत्या गावात. फोटो विचारून काढा. डिझाइन चोरीला जाण्याच्या भीतीने बरेच जण नको म्हणतात, आणि न विचारता कॅमेरा काढलेल्या माणसाला ते पुन्हा नीट भाव सांगत नाहीत. पण तुमच्या वहीच्या पानासह वस्तूचा एक फोटो मिळाला तर रात्री हॉटेलवर सगळं जुळतं. छापील कॅटलॉग गोळा करत बसू नका, दुसऱ्या दिवशी खांदा बोलायला लागतो.

गाव कोणतं हा प्रश्न मी प्रत्येक स्टॉलवर विचारायला सांगतो त्यामागे कारण आहे. चीनमध्ये एकेका वस्तूची एकेक पेठ ठरलेली आहे. चिनी माती चाओझूची. तिथेच आणि युनफूजवळच्या शिनशिंगला स्टीलची भांडी. थर्मासच्या बाटल्या चच्यांग प्रांतात यिवूजवळच्या योंगकांगच्या. विजेची घरगुती उपकरणं फोशानच्या शुंद भागातली. एखादा थर्मासवाला म्हणाला की आमचा कारखाना ग्वांगझू शहरातच आहे, किंवा एकाच स्टॉलवर ताटं, दिवे आणि पिशव्या दिसल्या, तर समोर बहुतेक व्यापारी बसलाय, कारखानदार नाही. व्यापारी वाईट असतो असं मुळीच नाही. तुमच्यासारख्याला पाच वस्तू थोड्या-थोड्या घेऊन एकाच कंटेनरमध्ये भरून देणारा चांगला व्यापारी कारखान्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. फक्त तो व्यापारी आहे हे तुम्हाला ठाऊक असावं, आणि त्याने कारखानदाराचं सोंग आणू नये. कंपनीच्या व्यवसाय परवान्याची प्रत मागा. त्यावर १८ अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक असतो आणि कंपनी काय काम करते हेही लिहिलेलं असतं. फोनच्या भाषांतराने वाचता येतं.

दरवाजाबाहेर पाट्या घेऊन दुभाषे उभे असतात, बहुतेक कॉलेजातली मुलं-मुली. हॉलमध्ये तुम्हाला त्यांची गरज नाही, स्टॉलवर कामापुरतं इंग्रजी येतंच. कारखान्याच्या दोन दिवसांसाठी मात्र दुभाषी घ्या, आणि तो तुम्ही स्वतः शोधलेला असावा. कारखानदाराने दिलेला दुभाषी कारखानदाराच्या बाजूने बोलणार, यात त्याचा दोष काय?

जेवणाबद्दल तुम्हाला वाटतेय तेवढी काळजी नको, पण सावध राहा. कॅन्टनी स्वयंपाकात भाजीतही ऑयस्टर सॉस (कालवांचा सॉस) किंवा मांसाचा रस्सा असू शकतो, आणि ‘शाकाहारी’ म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त मांसाचे तुकडे काढलेली थाळी येते. मांस, मासे, अंडी, मांसाचा रस्सा, ऑयस्टर सॉस काहीच नको, असं चिनी लिपीत लिहिलेलं चित्र फोनमध्ये ठेवा आणि दाखवा. बौद्ध मंदिरांच्या आसपास खरीखुरी शाकाहारी उपाहारगृहं असतात. बेइजिंग रोडजवळच्या दाफो मंदिराकडे जाऊन बघा. दुपारच्या जेवणाला हॉलमध्ये भटकण्यापेक्षा ठेपले, दशम्या, चटणी पिशवीत असली की वेळ वाचतो. गरम पाणी तिथे जागोजागी मिळतं. ताजी फळं, भाज्या, मांस आणि दुधाचे पदार्थ चीनमध्ये नेता येत नाहीत, तेव्हा आंबे आणि पेढे घरीच ठेवा. हापूस भेट द्यायची हौस एप्रिलमध्ये बऱ्याच जणांना येते, ती कस्टमच्या टोपलीत जाते.

२८ आणि २९ चे कारखाने २६ लाच ठरवून टाका. दोन दिवसांत तीन झाले तरी पुष्कळ. चाओझूला रेल्वेने दोन-तीन तास लागतात, शिनशिंगला गाडीने साधारण दोन. योंगकांग दूर आहे, बाटल्यांची ड्यूटी बघता या फेरीत ते सोडा. रेल्वेची तिकिटं साधारण १५ दिवस आधी उघडतात आणि १ मेच्या तोंडावर भराभर संपतात, म्हणून ३० तारखेचं हाँगकाँगचं तिकीट भारतातूनच काढा. पासपोर्ट हेच तिकीट असतं, मात्र स्वयंचलित दारं तो नेहमी वाचत नाहीत. माणूस उभा असलेल्या फाटकाकडे जा आणि त्यासाठी वीस मिनिटं जास्त धरा.

कारखान्यात गेल्यावर आधी चहा, मग शोरूम, असा क्रम असतो आणि त्यातच दुपार निघून जाते. नम्रपणे आधी शेड दाखवायला सांगा. यंत्रं चालू आहेत का, कामगार किती, तुम्हाला हवी ती वस्तू आत्ता लाइनवर आहे का, पॅकिंगच्या खोक्यांवर कोणाचं नाव आणि कोणत्या देशाचा पत्ता आहे, तपासणीत नापास झालेला माल कुठे ठेवतात. हा शेवटचा ढीग मी नेहमी बघतो. तो कुठेच नसेल तर तपासणीही नसते. स्टॉलवर दिसलेला नमुना आणि शेडमधला नग शेजारी ठेवून वजन करा. पुतण्याच्या बॅगेत लहान डिजिटल काटा आणि व्हर्नियर असू द्या. पत्र्याची जाडी सांगितल्यापेक्षा कमी निघाली तर तिथेच कळतं, न्हावा शेवाला नाही.

दोन-चार नमुने विकत घ्या, सहीशिक्क्यासह एक त्यांच्याकडे ठेवायला सांगा आणि तसाच एक तुम्ही आणा. ऑर्डरचा माल त्या नमुन्याशी जुळला पाहिजे, असं करारात लिहा. एकाच वस्तूचे वीस-तीस नग बॅगेत भरून आणले तर कस्टमला तो विक्रीचा माल दिसतो. तसं काही असेल तर ग्रीन चॅनेलने, म्हणजे कस्टमला काही जाहीर करायचं नसलेल्यांच्या वाटेने, चालू लागू नका.

टूरवाल्याचं विचारलंत. व्हिसा, विमान आणि हॉटेल एवढ्यापुरता तो घ्यायला माझी हरकत नाही, दर परवडत असेल आणि टप्पा बरोबर असेल तर. पण संध्याकाळी पाचला बस निघते म्हणून अर्धवट सोडलेलं बोलणं आणि २८ तारखेला कारखान्याऐवजी बाजारपेठेत खरेदी, हे त्याच्या कार्यक्रमात असणारच. ते दिवस आपले आपण ठेवता येतील का, हे लिहून घ्या.

पैसे मात्र भारतात परत आल्यावरच, बँकेतून. रीत साधारण अशी की ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के माल चढल्यावर, बिल ऑफ लेडिंगची (जहाज कंपनीच्या माल-पावतीची) प्रत आल्यावर. पहिल्या ऑर्डरला माल चढण्याआधी तिथल्या तिऱ्हाईत तपासणी संस्थेकडून बघून घ्या, तो खर्च वाचवू नका. खातं कंपनीच्याच नावावर हवं, आणि ते नाव व्यवसाय परवान्यावरच्या नावाशी जुळायला हवं. मालकाच्या, मेव्हण्याच्या, हाँगकाँगमधल्या भलत्याच कंपनीच्या खात्यात काही भरायचं नाही. ऑर्डर पक्की झाल्यावर ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा ईमेल आला, तर त्याला उत्तर देऊ नका. स्टॉलवर ज्याला भेटलात त्याला वीचॅटवर व्हिडिओ कॉल लावा आणि नवा नंबर त्याच्या तोंडून वाचून घ्या.